दोन वाट्या

"आमच्या घराण्यात असलं काही नाही हो. हे हिच्या माहेरचं," सासूबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या.

माझ्या शर्वीला थॅलेसेमिया आहे. तिला रक्त चढत होतं आणि माझा नवरा, निरंजन, पिशवीकडे बघत उभा होता. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा हाच मान डोलावत होता.

मी मंगळसूत्र ओढून बाहेर काढलं. "आई, ही वाटी माझ्या माहेरची आणि ही तुमची. पोरीचंही तसंच असतं. पेशी जनुकातली सूचना वाचतात आणि मणी ओवावेत तसा एकेक घटक जोडून रक्तातलं हिमोग्लोबिन बनवतात. ती सूचना एक आईकडून येते, एक बापाकडून. एक जरी धड असती तरी शर्वी आज या खाटेवर नसती. दोन्ही बिघडलेल्या आहेत. माझी, आणि तुमच्या लेकाचीही."

"अगं, हळू बोल," निरंजन म्हणाला.

पायथ्याशी शर्वीचे पाय चेपणाऱ्या नणंदेचा हात थांबला. तिला तिसरा महिना होता.

"दादा, मग माझ्यातही असेल?"

मीच बोलले, "डॉक्टरांनी तुझंही रक्त तपासायला सांगितलं होतं. तुझ्या लग्नाआधी. हा म्हणाला, घरी मी सांगतो."

"सांगितलं होतं," निरंजन पुटपुटला. "आई म्हणाली, कळलं तर लग्न मोडेल."

सासूबाईंनी पदर सारखा केला. नणंद उठली. आईकडे न बघता तिने मला विचारलं, "वहिनी, रक्त कुठे तपासतात?"