भिमाजीची दुनळी

"इथं सही करा आन बंदूक घेऊन जा," म्हणत हवालदार गहिनीनाथांनी रजिस्टर पुढं सरकवलं.

अमृतच्या खिशात सकाळीच नगरहून आणलेली दोन काडतुसं होती. रानडुकरांसाठी, असं त्यानं दुकानात सांगितलं होतं. खरी होती ती रंभाजी चुलत्यासाठी. चुलत्यानं यंदाच्या नांगरटीत बांध दोन हात अलीकडं ढकलला होता. नुसती दाखवायची, उडवायची नाही, असं अमृत पारनेरच्या पोलीस ठाण्यापर्यंत स्वतःला बजावत आला होता.

दुनळी बंदूक टेबलावर पडली होती. नक्षी नाही की चकाकी नाही, दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. तीस वर्षांपूर्वी त्याच्या बापानं, भिमाजीनं, ती भुईमुगातली डुकरं हाकायला घेतली होती. पण ऐन हंगामात ही बया निवडणुकीपायी म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन बसायची. शेतात शेंगा पोसत असायच्या, डुकरं रान उकरायची आणि भिमाजी मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. "भिमाजीच्या बंदुकीला दरसाल आचारसंहिता!" असं म्हणून गाव खिदळायचं. चुलता बांध कोरायचा तेव्हाही भिमाजी मान खाली घालून पेरत राहायचा.

असल्या भित्र्या माणसाच्या पोटी जन्मलो, याची अमृतला लहानपणापासून लाज वाटायची. बाप जाऊन वर्ष झालं होतं. परवाना आता अमृतच्या नावावर होता. यंदा ती लाज धुऊन काढायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

सही करायला तो वाकला. पानावर वरपासून खालपर्यंत बापाच्या वाकड्यातिकड्या सह्या होत्या. जमा जूनमध्ये, परत दिवाळीला. पुन्हा जमा जूनमध्ये. आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द होता, पेरणी.

"हे काय लिवलंय?" अमृतनं विचारलं. "निवडनुकीपायी जमा करावी लागती, असं सांगायचे आमाला."

"दर वरसाला कुठली आलीय निवडनूक?" हवालदारांनी चष्मा काढला. "मृगाच्या तोंडावर आपल्या पायानं यायचे. मी एकदा इचारलं, भिमाजीबाबा, ऐन डुकरांच्या टायमाला बंदूक इथं कशापायी ठेवता? तर म्हनले, पेरनीत भाऊ बांधावर दिसला की माझं डोकं फिरतं. डुकरं खातील तर चार पोती शेंगा खातील. बंदूक घरात ऱ्हायली तर मी भावाला खाईन."

अमृतच्या कानात पत्र्याचा तो डबा वाजू लागला. सगळ्या गावाचं हसू बापानं अंगावर घेतलं होतं, पोटच्या पोराचंसुद्धा. अमृतचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवले नाहीत.

त्यानं खिशातली काडतुसं काढून दुनळीजवळ ठेवली. मग बापाच्या शेवटच्या सहीखाली स्वतःची सही केली, पण जमेच्या रकान्यात.

हवालदारांनी सहीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यांनी पेन उचललं.

"कारन काय लिवू?"

"वरचंच लिवा."