जॉन्सनचा डाव

मोबाइलवरच्या राक्षसांच्या झुंजीत दावीद आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन्सन जोडीनं खेळायचे. जॉन्सननं डाव असा बांधला होता की, त्याच्या राक्षसानं कुणावर हातच उगारायचा नाही. दावीदच्या राक्षसावर येणारा घाव मध्ये पडून झेलायचा आणि उरल्या वेळात त्याच्या जखमा भरायच्या. शिरूरची स्पर्धा त्यांनी अशीच जिंकली. सत्काराची शाल अर्थातच दावीदच्या खांद्यावर पडली.

"जॉन्सन, जन्मभर मारच खाणार व्हय रे? एकदा तरी सोतासाठी खेळ की," शेजारची ब्लेसी म्हणाली. ती हसत नव्हती.

"दादाला राखायचं, एवढंच माझं काम हाय," स्क्रीनवरची नजर न उचलता जॉन्सन म्हणाला.

पुढं घरच्यांनी दावीदचं आणि ब्लेसीचं लग्न ठरवलं. केडगावच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी दोघांची नावं पुकारली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत असेल, तर आत्ताच सांगा."

ब्लेसीनं मागं वळून फक्त जॉन्सनकडं पाहिलं.



जॉन्सननं नजर न उचलता दादाला राखलं.