हिरव्या मिशा

शेवग्याचा पाला देठांवरून ओरबाडून तिची बोटं हिरवी झाली होती. पाला उकडून, वाटून, दोनदा गाळून तिनं सूप वाटीत ओतलं. बिनमिठाचं. आईला मीठ बंद झाल्यापासून घरातच मीठ नव्हतं म्हणा ना. बरणी तिनं सगळ्यात वरच्या फळीवर ढकलून दिली होती.

सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, "तोंडानं जातंय तोवर घरी राहू द्या. नाही गेलं, तर दवाखाना आणि नळी."

"नळी नको गं," आई भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली होती.

वाटी वडिलांच्या हातात देऊन ती परतली. भरवायचं काम त्यांचं. तिनं चमचा पुढे केला की आई मान फिरवायची; त्यांच्या हातून मात्र रोज वाटी लख्ख रिकामी व्हायची. तोंड पुसायचा पंचा द्यायचा राहिला, म्हणून ती पुन्हा खोलीकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं.

वडील वाटी तोंडाला लावून घटाघटा पीत होते. आई उशीवरून त्यांच्यावर नजर ठेवून होती.

"संपवा लवकर. येईल ती."

"काढ्यासारखं लागतंय गं."

"जन्मभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत, आता भोगा. आणि अहो, मिशा पुसा. हिरव्या झाल्यात."

"या वयात पालवी फुटली म्हणून सांगू."

आई हसली. हसताना तिच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

दारातून ती चार पावलं मागे गेली, पावलं वाजवत पुन्हा आली.

"घेतलंस का गं आई?"

"सगळं. छान झालं होतं."

"मीठ तेवढं..." वडील बोलून गेले. आईनं डोळे मिटून घेतले.

कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

"थोडं उरलंय," ती म्हणाली. "आणते."

स्वयंपाकघरात तिनं स्टूल ओढलं, वरची बरणी काढली. उरलेलं सूप वाटीत ओतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, चाखून बघितलं. आणखी थोडं टाकलं.

खोलीत येऊन तिनं वाटी वडिलांच्या हातात दिली. पंचा त्यांच्याच खांद्यावर टाकला.

"सावकाश भरवा, बाबा," ती म्हणाली, आणि बाहेर पडताना दार नीट ओढून घेतलं.