तिची पत्रं

"तो तिला मठ्ठ म्हणतो, कारण त्याला ती आवडते. इतकं साधं आहे," लेक म्हणाली आणि तिने पुस्तक मिटून मांडीवर आपटलं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत पुस्तकचर्चेसाठी खुर्च्या गोल करून मांडल्या होत्या. आत नववी-दहावीची मुलं, मागे भिंतीला टेकून त्यांचे आईबाप. या खेपेची कादंबरी मुलांनीच निवडलेली. दोन गावांतल्या शाळा पत्रमैत्रीचा उपक्रम काढतात, त्यात एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांच्या वाट्याला येतात, पहिल्याच पत्रात दोघांचं फाटतं, वर्षभर पत्रांतून ओरबाडाओरबाडी चालते आणि शेवटच्या पानावर ती दोघं स्टेशनवर एकमेकांच्या गळ्यात पडतात. निम्म्या मुलींनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

"मला नाही आवडला तो," समोरचा एक चश्मिस मुलगा म्हणाला. "तिच्या अक्षराला हसतो, गावाला हसतो, बापाच्या धंद्याला हसतो. पत्र आलं की पोटात गोळा येत असेल तिच्या."

"अरे, ती पण हाणते की त्याला!" लेकीने त्याला उडवून लावलं. "आणि चिडवण्यात पण प्रेम असतं. आमच्या घरी ये, म्हणजे कळेल. बाबा आईला उठता बसता बावळट म्हणतात. विचार तिला, राग येतो का!"

खोलीत हशा पिकला. मागे बसलेल्या बाबांनी चहूकडे वळून हात जोडले. "गुन्हा कबूल," ते म्हणाले. हशा दुप्पट झाला. माणूस तसा हजरजबाबी. चार लोकांत बसला की मैफल त्याचीच.

त्याच्या शेजारी आई होती. तीही हसली, सवयीने. मग तिला खुर्ची टोचायला लागली. तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. पाय आत घेतले, बाहेर काढले.

पुस्तक तिनेही वाचलं होतं. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, काउंटरखाली धरून. लेक हल्ली खोलीचं दार लावून बसायची. निदान एका विषयावर तरी दोघींना बोलता येईल, एवढाच तिचा हिशोब. एकदा जेवताना तिने विषय काढलाही होता. "तू? कादंबरी?" नवरा म्हणाला होता. "चित्रं आहेत का त्यात?" लेकीला हसता हसता ठसका लागला. तिची पाठ आईनेच चोळली होती.

"पालकांपैकी कुणाला काही सांगायचंय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. हे त्या दर वेळी विचारायच्या, आणि दर वेळी पालक मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

आईचा हात वर गेला. तो वर गेलाय हे तिला कळलं, तोवर सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. ती उठली. मांडीवरची पर्स खाली पडली आणि चिल्लर घरंगळत गेली.

"सुरुवात दणक्यात झाली," नवरा म्हणाला.

तिने पर्स उचलली नाही.

"तिची पत्रं बघा," ती म्हणाली. "म्हणजे त्या मुलीची. पहिलं पत्र चांगलं चार पानांचं आहे. त्यात तिची सायकल आहे, भांडखोर शेजारीण आहे, तिला पडलेलं स्वप्न आहे. मग तो एकेका गोष्टीला हसतो. आणि तो ज्याला हसला, ते तिच्या पुढच्या पत्रात नसतं. सायकल जाते. शेजारीण जाते. तीही त्याला हाणते म्हणता ना, ते सुरुवातीला. नंतर शोधा, सापडणार नाही. त्याची पत्रं लांबत जातात आणि तिची... शेवटी तीन ओळी. हवा बरी आहे. अभ्यास चालू आहे. तू कसा आहेस. त्याला वाटतं, चला, भांडण मिटलं, आता प्रेम." ती थांबली. "भांडण नाही मिटलं. तिने सांगायचंच सोडून दिलं."

चश्मिस मुलगा भराभर पानं उलटायला लागला.

"अरे बापरे!" नवरा म्हणाला. "आमच्या बावळटाने पीएच. डी. केली की!"

दोघं-तिघं हसले. नवऱ्याने लेकीकडे पाहिलं. असल्या वाक्यावर सगळ्यांच्या आधी तीच फिसकन हसायची. ती हसली नाही. तिचे कान लालबुंद झाले होते. ती आईकडे बघत होती, घरात रोज दिसणाऱ्या बाईकडे बघावं तसं नव्हे.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू काय काय सांगायचं सोडलंस?"

नवरा उठला. खिशात किल्ल्या चाचपत त्याने घड्याळाकडे पाहिलं. "चला, पुरे झालं. उरलेलं घरी बोलू."

आई उभीच होती.

"घरी नको," ती म्हणाली. "इथेच सांगते."