पुढची पट्टी

शिकागोतल्या त्या जुन्या चर्चमधला शंभर वर्षांचा ऑर्गन कमिटी रविवारी ऐकणार होती. बेसूर निघाला, की मोडीत. रिटायर झाल्यापासून चंद्रशेखरकाकांनीच त्याला पोटच्या पोरासारखं जपलं होतं. ते ऑर्गनच्या आत, पाइपांच्या गर्दीत शिरून छोट्या हातोडीने ठोकत एकेका पाइपाचा सूर जुळवायचे आणि हिमानी बाहेर बसून सांगतील ती पट्टी दाबून धरायची. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून छोट्या अनयाला बाबागाडीत घालून ती इथे यायची.

"घट्ट धर गं! मधेच बोट उचललंस तर मला लगेच कळतं हं!" काका आतून ओरडले.

"हो काका, धरलीय!"

एकेक करत ती शेवटच्या, अगदी वरच्या बारीक सुरांच्या पट्ट्यांपाशी आली. तिने पट्टी दाबली आणि तेवढ्यात अनया बाबागाडीतून कलंडायला लागली. पट्टी सोडून हिमानी धावली, लेकीला तिने छातीशी धरलं. चर्च एकदम चिडीचूप झालं. आतली हातोडीची टकटक तेवढी चालूच राहिली.

मग काकांचा खुशीतला आवाज आला.



"वा! आता कसा अगदी सुरात लागला! पुढची पट्टी घे."