फ्रेममधला निकाल

मेडशीचे अल्ताफ मिस्त्री लेक आयतला सोबत घेऊन, तिचा निकाल चादरीत गुंडाळून एसटीने वाशीमला आले. प्रज्ञाशोध परीक्षेत ती जिल्ह्यात तिसरी आली होती. त्या मार्कांवर हुशार मुलांच्या निवासी शाळेचा अर्ज भरायचा होता आणि मुदत आज संध्याकाळपर्यंतच होती.

चादर सोडली तसा ऑनलाइन फॉर्म भरून देणारा अमरदीप पाहतच राहिला. गुणपत्रिकेला सागवानी फ्रेम होती, वरून काच.

"चाचा, हे स्कॅनच्या मशीनमंदी कसं जाईन? कागद काहाडा बाहेर."

"आता नाही निंगत, भाऊ. मांगून प्लायले चिटकवला हाय, चारी बाजूनं खिळे ठोकले. पोरीचा निकाल हाय, हालला नाही पाह्यजे."

अमरदीपने फ्रेम टेबलावर उभी केली आणि एका अंगाला सरकून मोबाईलने फोटो काढला. मग दुसरा काढला, तिसरा काढला. तिन्हींत मार्क नीट वाचता येत होते, पण त्यांच्या शेजारी काचेत अल्ताफ मिस्त्री दिसत होते. समोर उभे राहून ते लेकीचे मार्क पुन्हा पुन्हा वाचत होते आणि हसत होते.

"चाचा, बाजूले व्हा थोडे. तुमी येऊन राह्यले फोटोत."

आयत इतका वेळ स्क्रीनवरचा अर्ज वाचत होती.

"राहू द्या, दादा," ती म्हणाली. "खाली पालकाचा फोटो बी मांगतला हाय. दुसऱ्या कोनत्याच फोटोत अब्बा हासले नाहीत."