चार हजार प्रती

"हा नको. मागची अक्षरं पुढे दिसताहेत," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पहिला नमुना बाजूला सारला.

मुलीने दुसरा कागद त्यांच्या उजव्या हातात दिला. डावा हात पांघरुणावर पडून होता; दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर तो तसाच होता. आप्पांनी छापलेल्या ओळींवरून अंगठा फिरवला, कागद नाकाशी नेला.

"हे झेरॉक्सचं भावंड."

"डिजिटल आहे, आप्पा. प्लेट लागत नाही."

"तेच म्हटलं मी."

'नगरपत्र' म्हणजे त्यांची एकतीस वर्षं. महिन्याला सोळा पानं. कोणत्या भागात पाणी कधी येणार, कोणता रस्ता खोदणार, कोण गेलं, कुणाला काय सापडलं, आणि शेवटी वाचकांची पत्रं. आता मुलगी शाळेत रसायनशास्त्र शिकवून आली की मजकूर जमवायची, पानं लावायची आणि प्रूफ त्यांच्या पुढ्यात ठेवायची. आप्पा लाल पेनाने ते तपासत. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लिहीत : छापायला हरकत नाही, प्रती चार हजार. खाली सही.

झटक्यानंतर दोन महिने आप्पा बोलले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असत, घास पुढे केला तर ओठ मिटून घेत. मग एके दिवशी तिने प्रूफ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "वेलांटी चुकलीय," हे त्यांचे पहिले शब्द. डॉक्टर म्हणाले होते की गोळ्या आपलं काम करतीलच, पण माणसाला वाट बघायला काहीतरी लागतं. त्यानंतर एकही महिना चुकला नव्हता.

आणि आता हे. पालिकेची मदत बंद होती, कागद महाग झाला होता, त्यात छापखानेवाला महिनाअखेरीस मोठं यंत्र भंगारात काढणार होता. ताई, काकांसाठी म्हणून इतके दिवस रेटलं, असं तो म्हणाला होता. प्लेटा करायच्या, शाई चढवायची, अख्खी सकाळ मोडायची. आता तर यंत्राचे भागही मिळत नाहीत. डिजिटलवर दहा मिनिटांचं काम, असंही त्याने सुचवलं. त्यांच्या बोटांना कळेल, असं ती म्हणाली, तेव्हा तो हसला नाही. "मग त्यांनाच विचारा," तो म्हणाला. "काकांनी या धंद्यात केस पिकवलेत."

म्हणून ती विचारत होती.

"हल्ली फोनवर पाठवतात ना सगळं?" आप्पांनी विचारलं.

"पाठवतात."

"मग तसं करा. नाहीतर बंद करा."

तिने नमुन्यांच्या कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या. लोकांना हातात कागद लागतो, असं ती म्हणाली. पत्रं येतात, ती तुम्ही वाचताच.

"वाचतो. सगळी गोड असतात." आप्पांनी उशीवर डोकं टेकवलं. "उन्हाळ्यात पाण्याची वेळ चुकली आपली. सकाळची संध्याकाळ झाली. मलाही प्रूफात दिसली नाही. पूर्वी असं झालं असतं, तर लोक रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात उभे राहिले असते. आपल्याला कोणी साधं खडसावलंसुद्धा नाही."

"लोक समजूतदार झालेत."

"कधीपासून?"

ती हसली. तेही थोडे हसले, तोंडाच्या उजव्या बाजूने.

मग त्यांनी तिला धंद्याचं गणित सांगायला घेतलं, जणू ती वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि सगळ्या प्रतींवर वाटला जातो. प्रती जितक्या जास्त, तितकी एक प्रत स्वस्त. डिजिटलला तसं नाही. तिथे चार काढा नाहीतर चार हजार, प्रत्येक प्रत सारख्याच भावाची. तिने मान डोलावली. हे सगळं तिला पाठ होतं.

"मग दुसरा छापखाना बघते," ती म्हणाली. "मोठं यंत्र असलेला. पानं सोळाची आठ करू. म्हणजे बसेल."

आप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ती उठून तो बंद करून आली, तरी ते तसेच होते. तिने खुर्ची पलंगाच्या जवळ ओढली. दोन वर्षांपूर्वी ती याच खुर्चीत, याच पाठीकडे बघत बसायची. तिला वाटलं, विचारायलाच नको होतं. काहीतरी थाप मारली असती तर निभावलं असतं.

"आप्पा," ती म्हणाली. "अंक बंद नाही करायचा."

त्यांनी मान वळवली.

"पेन दे."

तिने लाल पेनाचं टोपण काढून दिलं आणि प्रूफ पाटीवर लावून त्यांच्या पुढे धरलं.

"पानं सोळाच राहू देत," ते म्हणाले. "डिजिटलवर काढ."

"चार हजार प्रतींना ते परवडायचं नाही, आप्पा. तुम्हीच आता सांगितलंत."

आप्पा कोपऱ्यात लिहीत होते. अक्षर नीट उमटत होतं. सही करून त्यांनी प्रूफ तिच्याकडे सरकवलं.

छापायला हरकत नाही. प्रती दोन.

"आजवर माझ्यापुरती एकच काढत आलीस," ते म्हणाले. "या वेळी एक स्वतःला ठेव."